लहान वाचनालयाने पुस्तके निवडायची कशी?

पुण्यातल्या धायरीहून एका वाचकांनी विचारले आहे: 'आमच्या भागातल्या रहिवाशांनी मिळून वाचनालय काढले आहे. दोन खोल्या आणि दोन हजारांच्या आसपास पुस्तके आहेत, बहुतेक देणगीतून आलेली. यंदा पुस्तकांसाठी ५०,००० रुपये जमले. समितीत मात्र एकमत होत नाही. काही जण म्हणतात पुरस्कार मिळालेली पुस्तके घ्या, काही म्हणतात लोक वाचतात ती घ्या. एक विक्रेता निम्म्या किमतीत दोनशे पुस्तकांचा संच द्यायला तयार आहे. नेमके काय करावे?'

तो निम्म्या किमतीतला संच घेऊ नका, हे आधी सांगते. पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझी सगळी नोकरी झाली आणि असे संच मी खूप पाहिले आहेत. केवळ ग्रंथालयांच्या गळ्यात घालण्यासाठी छापलेली पुस्तके बाजारात असतात. टाइप मोठा, ओळींमध्ये ऐसपैस जागा, जाड कागद, जेमतेम १२० पाने आणि छापील किंमत ३५० रुपये. किंमत लावतानाच सवलत धरलेली असते, त्यामुळे पन्नास टक्के सोडूनही विकणाऱ्याला परवडते. आत थोर शास्त्रज्ञांची चरित्रे, व्यक्तिमत्त्व विकास, सुविचार असे काहीबाही, इकडून तिकडून उचललेले. ही पुस्तके दुकानाच्या दर्शनी कपाटात सहसा दिसत नाहीत, स्वतःच्या खिशातून पैसे घालून कोणी ती नेत नाही. ओळखायला तेवढी खूण पुरते.

सवलतीच्या टक्क्याऐवजी एका वाचनाला किती पैसे पडले ते पाहा. ३०० रुपयांचे पुस्तक १५ टक्के सवलतीने २५५ ला पडले आणि वर्षभरात वीस घरांत फिरले, तर एका वाचनाला तेरा रुपयेसुद्धा पडले नाहीत. १७५ ला मिळालेले पुस्तक कपाटातच बसले तर ते १७५ रुपये बुडाले, शिवाय फळीवरची जागा गेली ती वेगळी. दोन खोल्यांच्या वाचनालयात पैशांपेक्षा जागेची चणचण जास्त असते.

नव्या मराठी कादंबरीची किंमत आज सर्रास ३०० ते ५०० च्या घरात आहे. म्हणजे सवलत धरून तुमच्या रकमेत साधारण दीडशे पुस्तके येतील, आठवड्याला तीन. आठवड्याला तीनच पुस्तके घ्यायची असतील तर प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, चाळून, कोणासाठी घेतो आहोत याचा विचार करून घेता येते. अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांची मार्चअखेर कशी धावपळ होते हे मी जवळून पाहिले आहे. अनुदान हाती उशिरा पडते, ३१ मार्चच्या आत बिले लागली पाहिजेत, मग विक्रेत्याचीच यादी सही करून पुढे जाते. तुमचे पैसे तुमचे आहेत, तुमच्यावर ती सक्ती नाही. वर्षभर थोडेथोडे घ्या.

आता निवडीकडे येते. देवघेवीच्या टेबलावर एक शंभरपानी वही ठेवा. कोणी काही मागितले आणि ते आपल्याकडे नव्हते, तर ते त्या वहीत लिहायचे. तारीख, काय मागितले, कोणी मागितले. लेखकाचे नाव माहीत नसले तरी चालेल. 'ते नर्मदा परिक्रमेचं, बाईंनी लिहिलेलं, निळं कव्हर होतं' असे कोणी म्हणाले तर अगदी तसेच्या तसे उतरवा. पुस्तक कोणते ते नंतर शोधता येते, मागणी मात्र त्या क्षणी लिहिली नाही तर हवेत विरते. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ही सवय लावणे हेच यातले अवघड काम आहे, कारण 'नाही हो, आमच्याकडे नाही' म्हणून विषय संपवणे फार सोपे असते. तीन महिन्यांनी समितीच्या बैठकीत ती वही मोठ्याने वाचा. कोणी गच्चीवरच्या बागेबद्दल विचारले असेल, कोणी मधुमेहातल्या आहाराबद्दल, तिसरीतल्या मुलाने भुताच्या गोष्टी मागितल्या असतील, कोणाला सातारा-वाईच्या बाजूचा इतिहास हवा असेल. तुमचा वाचक कोण आहे हे त्या पानांवरून जितके कळते, तितके पुरस्कारांच्या यादीवरून कळत नाही.

दुसरा कागद पुस्तकातच असतो: शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. एखाद्या लेखिकेच्या चारही पुस्तकांच्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी भरल्या असतील तर पाचवे डोळे मिटून घ्या. संगणकावर नोंद करत असाल तर हेच काम सोपे होते. पण चिठ्ठी काढून टाकू नका, कपाटासमोर उभे असताना तीच उपयोगी पडते.

वहीची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. जे बोलतात त्यांचीच मागणी तिच्यात उतरते. आपल्याला हवे ते नाही हे पाहून मुकाट्याने निघून जाणारा मुलगा तिच्यात नसतो. सोसायटीचा रखवालदार, घरकामाला येणाऱ्या बायका, त्यांची पालिकेच्या शाळेत जाणारी मुले तर पायरीच चढलेली नसतात. त्यांच्यासाठी काय घ्यायचे हे त्यांच्याशी बोलूनच ठरवावे लागते. म्हणून मी सगळे पैसे मागणीवर लावत नाही. तुमच्या ५०,००० पैकी २०,००० वहीतल्या मागणीसाठी ठेवा, १५,००० मुलांसाठी, १०,००० कोणी मागितली नाहीत तरी असायलाच हवीत अशा पुस्तकांसाठी आणि उरलेले ५,००० बाइंडिंग आणि जादा प्रतींसाठी. एकाच पुस्तकासाठी पाच-सहा जण रांगेत असतील तरच दुसरी प्रत घ्यावी. नाहीतर सहा महिन्यांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी पडून राहतात.

पुरस्काराचा प्रश्नही इथेच सुटतो. पुरस्कार हे पुस्तक हातात घेण्याचे कारण असू शकते, विकत घेण्याचे नव्हे. कुठलीही दहा पाने वाचा. उत्तम आहे पण सहजी कोणी नेणार नाही असे वाटले, तर ते त्या १०,००० मधून घ्या आणि दर्शनी फळीवर मुखपृष्ठ दिसेल असे उभे ठेवा. ज्याने वाचले त्याने दोन ओळी लिहून चिठ्ठी लावली तर फारच चांगले. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांत एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. तो वाचक शोधायचे काम आपल्याकडे असते.

असायलाच हवीत अशांपैकी काही पुस्तके फार स्वस्तात मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फुले, आंबेडकर यांच्या साहित्याचे शासनाने काढलेले खंड शासकीय ग्रंथागारात, म्हणजे शासनाच्या पुस्तकविक्री केंद्रात, नाममात्र किमतीला असतात. पुण्यात फोटोझिंको मुद्रणालयाच्या ग्रंथागारात जाऊन चौकशी करा. खंड संपले की पुनर्मुद्रणाची वाट पाहावी लागते, म्हणून दिसले की घ्यावेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकेही अशीच स्वस्त असतात. याउलट मोठमोठे कोश विकत घेण्यात आता पैसे अडकवू नका. मराठी विश्वकोश आणि मोल्सवर्थचा शब्दकोश दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. एक जुना संगणक आणि शोधून देणारा माणूस असला की काम भागते.

दुकानात पुस्तक पारखायचे कसे, तेही सांगते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत गेले की मी पुस्तक आधी मधोमध उघडते. पाठ कडकन वाजली आणि पाने आपोआप मिटायला लागली तर ते नुसते गोंदावर चिकटवलेले आहे. घरच्या कपाटात ते वर्षानुवर्षे टिकेल, आपल्याकडे दहा-पंधरा हातांतून गेले की मधली पाने सुटणार. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गट, शिवलेले असतील तर पाठीच्या वरच्या टोकाला पानांची वेगवेगळी जुडगी दिसतात. मग आतला समास पाहायचा. तो बोटभर हवा, कारण पुस्तक पुढेमागे बाइंडरकडे जाणारच आणि त्याने शिवण घातली की निम्मा समास आत जातो. समास अरुंद असेल तर ओळींची टोके वाचायला पुस्तक फाकवावे लागते आणि पुन्हा शिवण उसवते. गोंदवाले पुस्तक घ्यायचेच असेल तर फळीवर जाण्याआधीच शिवून घ्यावे.

त्यानंतर आवृत्ती आणि साल दिलेले पान. जुन्या लेखकांच्या बाबतीत हे पान फार महत्त्वाचे. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, तो त्यांच्याबाबत २०१० अखेर संपला. हरि नारायण आपटे तर १९१९ सालीच गेले. अशा लेखकांची पुस्तके आता कोणीही छापू शकतो आणि छापतोही. एकाच पुस्तकाच्या चार-पाच आवृत्त्या दुकानात दिसतात, कुठे शुद्धलेखनाचा पत्ता नसतो, कुठे मजकूर कापून लहान केलेला असतो आणि तसे कुठे लिहिलेलेही नसते. पानांची संख्या ताडून पाहा, शक्य असेल तर जुन्या प्रतीतले एखादे प्रकरण शेजारी ठेवून तपासा. दहा मिनिटांचे काम आहे. मुलांच्या हाती एखाद्या थोर लेखकाचे पुस्तक पहिल्यांदाच जाणार असेल तर ते अख्खे आणि नीट छापलेले असले पाहिजे, याबाबत माझी तडजोडीची तयारी नसते.

रस्त्यावर मिळणाऱ्या इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त प्रतींचा मोह होईल. जुनी, वापरलेली पुस्तके खुशाल घ्या. पण कोरी करकरीत आणि तरी शंभर-दीडशेला मिळणारी प्रत बहुधा चोरून छापलेली असते. सार्वजनिक वाचनालयाने ती घेऊ नये.

मुलांच्या पुस्तकांसाठी मी १५,००० ठेवायला सांगितले ते जास्त वाटले असेल. कारण सांगते. तुमच्याकडची बरीच मुले इंग्रजी माध्यमात असणार. घरी मराठी अस्खलित बोलतात, पण जोडाक्षर आले की अडखळतात. दहा वर्षांच्या अशा मुलीला पहिलीच्या मुलांचे 'ससा आणि कासव' दिले तर तिला ते बाळबोध वाटते आणि तिच्या वयाची कादंबरी दिली तर दुसऱ्या पानावर दमते. तिला हवे ते असे: वाक्ये छोटी, चित्रे भरपूर, पण विषय दहा वर्षांच्या मुलाचा. किल्ला, पक्षी, चोरीचा तपास, भांडणारे मित्र. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य यांच्याकडे अशी पुस्तके मिळतात, किमतीही बेताच्या असतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, ते लावाच. मुलांची पुस्तके खालच्या दोन फळ्यांवर ठेवा आणि लवकर फाटतील हे धरून चाला. फाटलेले बालपुस्तक वाचले गेलेले असते. आणि निवडीत मुलांना घ्या. सातवी-आठवीतल्या चार मुलांना दुकानात घेऊन जा आणि दोन हजार रुपये त्यांच्या मर्जीने खर्च करू द्या. ती काय उचलतात ते बघून समितीलाच शिकायला मिळते.

ज्येष्ठ वाचकांसाठी टाइपाइतकेच वजनही बघा. आठशे पानांची कादंबरी आडवे पडून वाचताना मनगट दुखते, म्हणून ती अर्धवट परत येते. दोन भागांत मिळत असेल तर तशी घ्या. आणि 'मागच्या वेळसारखंच काहीतरी द्या' असे आजी म्हणाल्या तर त्यातले काय आवडले होते ते विचारा. गावाकडचे वातावरण, एकत्र कुटुंब की कोकण, यावर पुढचे पुस्तक ठरते. तेही वहीत लिहा.

स्पर्धा परीक्षांची पुस्तके हा पुण्यातला नाजूक विषय आहे. अभ्यास करणारी मुले तुमच्याकडेही येतील, संच मागतील. ही पुस्तके महाग असतात आणि पटकन शिळी होतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि पर्यायी प्रश्नांची कितीतरी पुस्तके त्या परीक्षेपुरती निकामी ठरली. माझा सल्ला असा की त्यांना बसायला जागा, उजेड, पंखा आणि दोन-तीन वर्तमानपत्रे द्या. 'लोकराज्य' आणि 'योजना' ही सरकारी मासिके ठेवा. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती कुठे मिळतात ते दाखवा. मूलभूत संदर्भाची चार-सहा पुस्तके जागेवर वाचण्यापुरती ठेवली तर पुरे.

दिवाळी अंकांचा खर्च मी ५०,००० मध्ये धरला नाही, कारण तो आपला आपण भागतो. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे आणि छोट्या वाचनालयांना ती वाचकही देते, पैसेही. वेगळी वर्गणी घ्या. ४०० रुपये देणारे पन्नास सभासद झाले तर २०,००० जमतात, त्यात चाळीस-पन्नास अंक येतात. पन्नासातले सगळे वाङ्मयीन नकोत. विनोदी, पाककृती, आरोग्य, भविष्य आणि मुलांचेही असू द्या. उन्हाळ्यापर्यंत अंक फिरले की चांगले कथा-लेख असलेले थोडे बांधून ठेवा, बाकीचे सभासदांना दहा-वीस रुपयांत विका. पुढच्या वर्षीची यादी या वर्षीच्या चिठ्ठ्यांवरून करा.

आता देणगी. तुमची दोन हजार पुस्तके तिथूनच आली आहेत, आणि हा ओघ थांबणार नाही. पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, वडीलधारी माणसे जातात, मुले परदेशी असतात, आणि पोत्यांनी पुस्तके दारात येतात. देणाऱ्याच्या भावना त्यात गुंतलेल्या असतात, म्हणून नियम आधीच छापून लावा: पुस्तके स्वीकारल्यावर ठेवायची, दुसऱ्या संस्थेला द्यायची की विकायची हे वाचनालय ठरवेल. हे मान्य असेल तरच पोते उतरवून घ्या. कसर लागलेली पुस्तके त्याच दिवशी वेगळी करा, नाहीतर ती शेजारच्या पुस्तकांत शिरते. जुनी गाइडे, सुटे अंक, कालबाह्य कायद्याची पुस्तके ठेवू नका. मात्र रद्दीत टाकण्याआधी प्रत्येक पोते कोणीतरी जाणत्याने पाहिलेच पाहिजे. मोडी कागद निघाले तर भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा पुणे पुराभिलेखागाराकडे विचारा. एकोणिसाव्या शतकातले छापील पुस्तक निघाले तर मोठ्या ग्रंथालयाला दाखवा.

पुण्यात स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे कवी-लेखक पुष्कळ आहेत, ते भेट प्रत घेऊन येतात. मनापासून आलेली भेट असते ती. एक प्रत आनंदाने घ्यावी, नव्या पुस्तकांच्या फळीवर तीन महिने ठेवावी आणि पुढे इतर पुस्तकांना लावतो तेच नियम तिला लावावेत. समितीतल्या कोणाचे किंवा त्यांच्या नातलगांचे पुस्तक मात्र विकत घ्यायचे नाही, हा नियम लिहूनच ठेवा.

जे येते त्यातले काही बाहेरही गेले पाहिजे. पाच वर्षांत चिठ्ठीवर एकही तारीख पडली नाही असे पुस्तक बाजूला काढा आणि समितीने एकदा डोळ्यांखालून घालावे. काही पुस्तके तर वाट न पाहता काढायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलमांचे 'सोपा कायदा' फळीवर राहिले तर ते एखाद्याची दिशाभूल करते. औषधे, आयकर, संगणक यांचेही तसेच. लोकांना पुस्तक बाद करणे जिवावर येते, जणू आपण ते जगातूनच नाहीसे करतो आहोत. तसे नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या ग्रंथालयांना द्यावी लागते. पुण्यातच १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर आहे, १९११ चे पुणे मराठी ग्रंथालय आहे. जतन करणे हे मोठ्या ग्रंथालयांचे काम, तुम्ही धायरीतल्या आजच्या वाचकासाठी आहात. ठराव करा, दाखलनोंद वहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदायच्या वहीत, त्या क्रमांकापुढे शेरा मारा आणि पुस्तक विकून टाका.

ती दाखलनोंद वही नसेल तर आजच सुरू करा. पुढे शासनमान्यता घ्यायची झाली तर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली 'ड' या सर्वांत खालच्या वर्गापासून सुरुवात होते आणि तपासणीत ही वही पहिल्यांदा मागतात. शासनाची मान्य ग्रंथांची यादी तेव्हा हाताशी येईल. यादी चांगली असते, पण ती साऱ्या महाराष्ट्रासाठी असते.

एका पानाचे निवड-धोरण लिहून भिंतीवर लावा. कोणासाठी घेतो, काय घेत नाही, देणगीचे नियम आणि एखाद्या पुस्तकावर आक्षेप आला तर काय करायचे. आक्षेप लेखी हवा, पुस्तक वाचून घेतलेला हवा, आणि निर्णय समिती बैठकीत घेईल, टेबलावरची व्यक्ती घेणार नाही. ५ जानेवारी २००४ ला एका पुस्तकावरून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, ते पुण्यातला कोणताही ग्रंथपाल विसरलेला नाही. टेबलावर संध्याकाळी एकटी बसणारी कार्यकर्ती अशा वेळी एकाकी पडू नये, यासाठी तो कागद हवा.

समितीतल्या वादाला माझ्याकडे एक उपाय आहे. ज्याला जे पुस्तक हवे त्याने बैठकीत ते सुचवताना निदान तीन वाचकांची नावे सांगायची, जे ते घरी नेतील असे त्याला वाटते. नावे सुचत नसतील तर पुस्तक १०,००० च्या वाट्यात जाते, आणि तिथे ते का असावे हे पटवून द्यावे लागते. पहिली खरेदी १५,००० च्या वर जाऊ देऊ नका. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरला तर निम्मी बालपुस्तके तिथे घ्या, एकाच मैदानात सगळ्या प्रकाशकांची पुस्तके हातात घेऊन, मधोमध उघडून पाहता येतात. जाताना मागणीची वही पिशवीत असू द्या.